पोच

घरासोबत आलेला डीप फ्रीझर
सहा वर्षांत पहिल्यांदा हलवला,
तेव्हा दिसली.
मला वाटलं कोळिष्टक,
म्हणून केरसुणी घेऊन खाली वाकले.

पुसली जाईना.
कोपऱ्यातून निघालेली, मध्येच दोन फाटे फुटलेली,
तळघराच्या खिडकीखाली पुन्हा एक झालेली.
वरच्या टोकाला तर
दाराच्या किल्लीचं पातं अख्खं आत गेलं.
आपलीच किल्ली, आपल्याच भिंतीत.

मॉन्ट्रियलहून इंजिनिअर आला, बूट न काढता.
पायातून मुसळाएवढा गाभा कापून काढला,
पिशवीत घालून वर माझं आडनाव लिहिलं,
दवाखान्यात लिहितात तसं.
अहवाल आला तोवर नदीवरचा बर्फ फुटला होता.
खडीतच गंधक-लोखंड आहे, म्हणे.
ओल लागली की फुगतं, फुगलं की फोडतं,
दरसाल थोडं थोडं, थांबत नाही.
उपाय: घर जॅकवर उचलणे, पाया उखडणे, नवा ओतणे.
खर्चाचा आकडा रेजाँनं चष्मा पुसून पुन्हा वाचला.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आमच्या घराचीच पायरी दोन बोटं खचलीय,
कुठली तरी चढणं भाग होतं.

वकीलबाईंचं ऑफिस चपला शिवणाऱ्याच्या वर,
खालून ठोकल्याचा आवाज येत होता.
बिल्डर? कंपनी केव्हाच गुंडाळली.
खडीची खाण? तिच्यावर आधीच दावे,
रांगेत उभं राहायचं.
विमा? आग लागली असती तर मिळाला असता.
(रेजाँनं खिशातला लायटर काढून टेबलावर ठेवला.
वकीलबाई हसल्या नाहीत.)
सरकारी मदत? अर्ज करा, आणि अर्जाला विसरा.
मग उरतं कोण?
ज्यांनी विकलं त्या.

मी म्हटलं, मादाम थिबोदो चौऱ्याऐंशीच्या आहेत.
घर सोडताना फडताळात आमच्यासाठी
ब्लूबेरी जॅमच्या पाच बरण्या ठेवून गेल्या.
त्यांना काय ठाऊक?
"ठाऊक नसलं तरी छुपा दोष विकणाऱ्याच्याच माथी.
ठाऊक नसेल, तर किंमत परत.
ठाऊक असेल, तर किंमत आणि वर नुकसानभरपाई."
दुसरं वाक्य मी वहीत लिहून घेतलं नाही.
गरज वाटली नाही.

नोटीस रजिस्टर्ड गेली,
"वाजवी मुदतीत" हा शब्द तीनदा.
आठवड्यानं पोच आली, थरथरती सही.
आणि मागोमाग वेगळ्या पाकिटात चिठ्ठी:

गिलेन, तुझं पत्र मिळालं.
शब्द फार कठीण, इथल्या नर्सनं वाचून दाखवले.
फ्रीझरमागची भिंत म्हणतेस ना?
आर्मां दर ऑक्टोबरात तिथं लिंपत बसायचा.
मी म्हणायचे, काय हा एकेक चाळा.
फ्रीझरही त्यानंच तिथं सरकवला.
त्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
जॅम संपला असेल तर बरण्या पाठव. घाई नाही.

रेजाँनं चिठ्ठी वाचली, घडी घातली,
म्हणाला, "हा बघ आपला नवा पाया."
खरं आहे. हिशोब मलाही येतो.

रात्री बरण्या धुवायला घेतल्या.
गरम पाण्यानंही लेबलं सुटेनात,
तिचं अक्षर, साल, "उघडल्यावर थंड जागी ठेवा".
चार निघाल्या स्वच्छ.
पाचवीत बोटभर उरला होता,
तो सकाळी पावाला लावून रेजाँपुढे ठेवला.
त्यानं खाल्ला. काही बोलला नाही.

गुरुवारी अकराला बोलावलंय.
सगळे कागद आणा, वकीलबाई म्हणाल्यात,
एक चिठोरासुद्धा घरी ठेवू नका.

आज मंगळवार आहे.